वाढत्या मापाची फळी

पनवेलात माझं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. आहे म्हणजे, आता ते मुलगा चालवतो. मी मागे खुर्ची टाकून बसतो आणि त्याला न विचारलेले सल्ले देतो. कॅरमच्या सोंगट्या, बॅटी, बॅडमिंटनची फुलं, बक्षिसाचे करंडक असं सगळं आम्ही ठेवतो, पण दुकानाचं पोट भरतं ते शाळेच्या पीटीच्या गणवेशांवर. मे महिना संपत आला की आया पोरांना दंडाला धरून आणतात. पोराला आरशासमोर उभं करतात, पाठमोरं करतात, चड्डीच्या कमरेत दोन बोटं घालून बघतात. मग म्हणतात, “याहून मोठी दाखवा. वाढत्या मापाची.”

उभ्या आयुष्यात मी हा शब्द जितक्या वेळा ऐकला, तितकं माझं नावसुद्धा ऐकलं नसेल. वाढत्या मापाचं. पनवेलची एक अख्खी पिढी माझ्या हातचे गुडघ्याखाली लोंबणारे शर्ट घालून मोठी झाली. त्यातले काही आता टकले झालेत, तरी रस्त्यात भेटले की तक्रार करतात. मला त्याची कधी लाज वाटली नाही. लाज वाटावी असं माझ्या हातून जे झालं ते वेगळंच, आणि तेही याच शब्दापायी.

दुकानात काइटबोर्ड आले ते यूसुफभाईंमुळे. यूसुफभाई उरणजवळच्या मोऱ्याचे. आखातात समुद्रकाठच्या एका दुकानात त्यांनी बरीच वर्षं काढली, आणि परत आले ते हा खेळ डोक्यात घेऊन. उरणच्या पलीकडे एक सपाट किनारा आहे. ओहोटीला पाणी लांब जातं आणि दुपारी समुद्रावरून वारा धरतो. तिथे ते लोकांना शिकवू लागले. शिकायला येणारे खारघर, नेरूळ, पार मुंबईचे. त्यांना सामान बघायला वाटेत कुठेतरी जागा हवी होती, म्हणून एक दिवस यूसुफभाई टेम्पोतून फळ्या घेऊन माझ्या दारात उतरले. माझ्या बायकोनं, सुलभानं त्या पाहिल्या आणि विचारलं, “इस्त्रीची टेबलं कधीपासून विकायला लागलात?”

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आकाशात एक भलामोठा पतंग असतो, खोलीभर रुंद. त्याच्या दोऱ्या माणसाच्या कमरेच्या पट्ट्याला अडकवलेल्या. पायात ही फळी. वर पाय अडकवायला दोन पट्टे. माणूस पाण्यात मागे रेलून बसतो, पतंगाला झोका देतो, पतंग ओढतो, की फळी पाण्यावर चढते आणि माणूस उभा राहून सुसाट निघतो. निदान तसं व्हावं अशी अपेक्षा असते. नवा माणूस उठतो, दोन हात पुढे जातो आणि पुन्हा बसतो. दिवसभर उठबस.

मी आयुष्यभर बॅटी विकलेल्या. बॅट घ्यायची ती उंचीवर. त्यामुळे पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा मी फळी त्याच्या हनुवटीला लावून बघितली. यूसुफभाई शेजारीच उभे होते. गिऱ्हाईक जाईपर्यंत गप्प राहिले, मग म्हणाले, “भाऊ, उंची काय बघता? पान्याला उंची कळत नाय. पान्याला वजन कळतं.”

हे या धंद्याचं सार. फळीनं माणसाला पेलायचं असतं. हलक्या माणसाला आखूड फळी, वजनदार माणसाला लांब-रुंद. माणसाच्या मानानं फळी लहान पडली तर ती पाण्यात रुतते, वर चढतच नाही, आणि बिचाऱ्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. उगाच मोठी झाली तर पायाखाली वळत नाही, वारा माणसाला ओढून नेतो. म्हणून गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, “वजन किती?”

हा प्रश्न विचारून बघा. माणूस पगार सांगेल, पण वजन सांगताना त्याची नजर पंख्याकडे जाते. एक काडीसारखा मुलगा मित्रांच्या घोळक्यात आला आणि छाती काढून म्हणाला, “पंचाहत्तर.” त्याच्यात पंचाहत्तर किलो भरायचे तर बरोबरच्या मित्रालाही काट्यावर घ्यावं लागलं असतं. बँकेतले एक साहेब म्हणाले, “लग्नात बासष्ट होतं.” लग्न कधी झालं, म्हणून मी विचारलं. “मुलगी आता कॉलेजात आहे,” ते म्हणाले. मग मी काउंटरखाली वजनकाटा ठेवू लागलो. पण चारचौघांत कुणी त्यावर पाय ठेवेना.

शेवटी मला उपाय सापडला, तोही आपल्या गणवेशातलाच. सांगितलेल्या वजनात मी मनाशी भर घालायचो आणि मोठी फळी काढून म्हणायचो, “शिकताना वाढत्या मापाची घ्यायची असते.” यात खोटं काही नव्हतं. नव्या माणसाला थोडी मोठी फळी लागतेच, ती लवकर पाण्यावर चढते, कमी वाऱ्यातही चालते. गंमत एवढीच, की पोरं वाढतात तसे कपडे मोठे होतात, आणि इथे माणूस शिकतो तशी फळी लहान होते. गिऱ्हाइकाचा मान राहायचा आणि त्याला फळीही बरोबर मिळायची. या युक्तीचा मला फार अभिमान होता.

मग आमच्या घरात प्रणाली आली.

प्रणाली माझी सून, निनादची बायको. बेलपाड्याची. आज त्या गावाभोवती खारघरचे टॉवर उभे आहेत, पण तिचे वडील खाडीत जाळं टाकायचे आणि ही पोर चिखलात त्यांच्यामागून हिंडायची. ती इंजिनीअर झाली, नोकरी करते, पण पाणी दिसलं की तिचा चेहरा बदलतो. अंगानं दणकट, भरलेली. निनाद माझ्यावर न जाता आईवर गेलेला, शेलाटा. साखरपुड्याच्या पंगतीत माझी चुलत बहीण म्हणाली, “पोरगी गोड आहे हो, पण निनाद तिच्यामागे उभा राहिला तर दिसायचा नाही.” हळू आवाजात म्हणाली, पण तिचा हळू आवाज हॉलच्या दारापर्यंत जातो. प्रणाली हातात ताट घेऊन शेजारीच उभी होती. तिनं ताट खाली ठेवलं आणि नंतर काहीच घेतलं नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात वजन हा शब्द बंद झाला. कुणी ठरवलं नाही, आपोआप झाला. दुकानातला वजनकाटा खरं म्हणजे आमच्या घरच्या न्हाणीघराबाहेरचा होता. लग्नाच्या आधी मी तो पिशवीत घालून दुकानात नेला, तिला समोर दिसू नये म्हणून. सुलभाला तर कळेचना की हिला आणखी एक पोळी वाढावी की न वाढावी. वाढली तर टोमणा, न वाढली तर मोठा टोमणा. शेवटी तिनं पोळ्यांचा डबाच टेबलावर ठेवायला सुरुवात केली. आम्ही या सगळ्याला समजूतदारपणा म्हणत होतो.

लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात प्रणाली एका रविवारी दुकानात आली. फळ्यांवरून हात फिरवत म्हणाली, “बाबा, मला हे शिकायचंय. मला एक काढून द्या ना.”

आयुष्यात हजार वेळा विचारलेला प्रश्न माझ्या जिभेवर आला आणि तिथेच बसला. सासऱ्यानं सुनेला वजन विचारायचं? तेही जिनं पंगतीतलं ते वाक्य ऐकलं होतं तिला? बरं, माझी नेहमीची युक्ती होतीच. पण “तू वाढत्या मापाची घे” हे मनात म्हणून बघितलं आणि मला घाम फुटला. लग्नाला दीड वर्ष झालेलं. नातेवाईक येता-जाता तिच्या पोटाकडे बघून “काही गोड बातमी?” विचारत होते. त्यात सासऱ्यानं वाढत्या मापाचं नाव काढायचं म्हणजे एक तर तिच्या अंगावर बोलणं झालं, नाहीतर नातवाची मागणी झाली. जो शब्द मी सगळ्या पनवेलला बिनदिक्कत ऐकवला, तो घरच्या पोरीला ऐकवता येईना.

मी फळ्यांच्या रांगेसमोर उभा राहिलो. एकशे पंचेचाळीस सेंटिमीटरची फळी तिच्या मापाची, हे मला तिच्याकडे न बघताही कळत होतं. माझा हात त्या फळीवरून पुढे गेला आणि एकशे बत्तीसवर थांबला. ती फळी सडपातळ बायकांची. मी ती काढली, पुसली आणि म्हणालो, “ही तुला छान होईल.”

प्रणाली हसली. तिनं फळी उराशी धरली. मला वाटलं, वा, पोरीचा मान राखला.

उन्हाळ्यात वारा धरला तशी ती दर रविवारी किनाऱ्यावर जायला लागली. मी एकदा मुद्दाम बघायला गेलो. यूसुफभाई तिला शिकवत होते. पतंग तिच्या हातात असा खेळत होता की बाकीचे शिकणारे बघत राहिले. खाडीत वाढलेली पोर, वारा तिला अंगावर कळतो. पण फळी पायात घालून पतंग झोकला की ती अर्धी उठायची आणि फळी पाण्याखाली जायची. पुन्हा उठायची, पुन्हा जायची. तिच्यानंतर आलेली माणसं उभी राहून लांबवर निघून जात होती. पोरांचं एक टोळकं वाळूत बसून तिच्याकडे बघून हसत होतं. त्यांच्यातला एक काहीतरी बोलला. मला शब्द ऐकू आले नाहीत, पण तिला आले असावेत, कारण ती तिकडे पाठ करून बसली.

यूसुफभाईंनी मला बाजूला घेतलं. “भाऊ, ती फली तुमीच दिली ना?”

“हो.”

“तुमच्यासारख्या मानसानं?” त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. ते कपाळाला हात लावून वाळूत बसले. “मी तिला माझ्याकडची मोठी देत होतो. घेत नाय. म्हनते, बाबांनी दिलीय, बाबांचा अंदाज चुकत नाय.”

मी म्हटलं, “मग तुम्ही सांगा ना तिला, ही लहान पडते म्हणून.”

“मी कसा सांगू? परकी बाईमानूस, तुमच्या घरची इज्जत. सून तुमची हाय, तुमी सांगा.” मग म्हणाले, “तुमी तिची शरम राखायला गेलात भाऊ, आनि पोरीला पान्यात बसवलीत.”

असे आम्ही दोन पिकले पुरुष वाळूत बसून राहिलो. एकाला धंद्यातलं कळत होतं, दुसऱ्यालाही कळत होतं, आणि पाण्यात एक पोर आमच्या भिडेपायी गटांगळ्या खात होती. परतताना गाडीत ती म्हणाली, “बाबा, नेमकं काय चुकतंय हो माझं?” मी म्हणालो, “आज वाराच पडला होता.” त्या दिवशी वारा इतका होता की माझी टोपी उडून गेली होती आणि ती तिनंच धावत जाऊन आणून दिली होती. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

मे संपत आला. पाऊस लागला की समुद्र बंद, मग दिवाळीपर्यंत वाट बघायची. आता एकच रविवार उरला होता. त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी प्रणाली फळी घेऊन दुकानात आली. दुकानात गणवेशांची झुंबड. आया, पोरं, आरशासमोर रांग. ती बाजूनं आत आली, फळी भिंतीला टेकवली आणि मला म्हणाली, “बाबा, ही कुणाला तरी देऊन टाका. नवीच आहे. माझ्याच्यानं नाही होणार. माझं अंगच तसं नाही.”

तिचा आवाज अगदी साधा होता. त्याचंच मला भय वाटलं. आयुष्यभर जे तिला इतरांनी सांगितलं होतं, ते तिनं आता स्वतःहून मान्य केलं होतं, आणि तिला पटवून देणारा मी होतो. तरीही तोंड उघडायच्या ऐवजी मी काय केलं, तर समोरच्या बाईंना चड्डीचं माप दाखवायला लागलो.

तेवढ्यात नेरूळहून एक मास्तरीणबाई आल्या. बारीक, वाऱ्यानं हलतील अशा. यूसुफभाईंनी पाठवलं होतं, काइटबोर्ड हवा होता. मी सवयीनं विचारलं, “वजन किती?” त्या म्हणाल्या, “चोपन्न. खरंच चोपन्न, कालच केलंय.” आणि हात आपला धंदा शिकलेला. तो भिंतीकडे गेला, प्रणालीनं आत्ताच ठेवलेली फळी उचलली आणि बाईंच्या पुढे धरली. तोंडही शिकलेलं. “ही अगदी तुमच्या वजनाची,” मी म्हणालो.

मग मला कळलं मी काय केलं ते.

प्रणाली फळीकडे बघत होती. मग तिनं त्या बाईंकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत. मग माझ्याकडे. मी जन्मात कुणाच्या नजरेला इतका घाबरलो नाही. दुकानात कुणाला काही कळलं नव्हतं, एक पोरगं आरशात स्वतःला वेडावत होतं.

“बाबा,” ती म्हणाली, “मी चोपन्न किलोची आहे का?”

मी फळी काउंटरवर ठेवली.

“तुमाला मायत होतं?” ती चिडली की तिचं बेलपाड्याचं बोलणं बाहेर येतं. “मी पान्यात पडत व्हती आनि तुमाला मायत होतं?”

“तुला वाईट वाटेल म्हणून...” मी पुटपुटलो. म्हणताना मला स्वतःलाच ते किती पोकळ लागलं ते सांगता येत नाही. मला लाज वाटली. वयाची, धंद्याची, आमच्या त्या समजूतदारपणाची, सगळ्याचीच. तिला वाईट वाटू नये म्हणून आम्ही घरातला काटा लपवला, म्हणजेच तिच्यात लपवण्यासारखं काही आहे हे तिला रोज न बोलता सांगत राहिलो. माझ्या चुलत बहिणीनं निदान एकदाच म्हटलं होतं.

प्रणाली खाली वाकली. काउंटरखालून तिनं वजनकाटा ओढून बाहेर काढला. त्यावर गणवेशाचे खोके ठेवले होते, ते बाजूला केले. आरशासमोरच्या आयांना म्हणाली, “जरा जागा द्या हो.” चपला काढल्या आणि काट्यावर उभी राहिली, दुकानाच्या मधोमध.

“बाबा, वाचा.”

“अगं, निनाद वाचेल...”

“निनाद नाय. तुमी वाचा. मोठ्यानं.”

मी चष्मा लावला. गुडघ्यावर हात ठेवून वाकलो. मी आकडा वाचला. पहिल्यांदा पुटपुटलो, म्हणून पुन्हा मोठ्यानं वाचला. कुणी हसलं नाही. एका पोराच्या आईनं मात्र बारीक आवाजात म्हटलं, “माझंही तेवढंच आहे.” दुसरी म्हणाली, “माझं त्याच्याहून जास्त असेल.” माझ्या दुकानात आल्यापासून ज्याच्यावर कुणी पाय ठेवला नव्हता, त्या काट्यापाशी दोघी-तिघी सरकून उभ्या राहिल्या.

प्रणाली खाली उतरली. “आता गिऱ्हाइकाला देता तशी द्या,” ती म्हणाली.

मी रांगेतून एकशे पंचेचाळीस काढली. तिच्या हातात देताना मी म्हणालो, “शिकताना वाढत्या मापाची घ्यायची असते.” तो शब्द अखेर तोंडातून गेला, आणि काहीही झालं नाही. तिनं फळी उलटी-सुलटी करून बघितली आणि मान हलवली. माझ्याशी मात्र त्या रात्री जेवताना बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी किनाऱ्यावर गेलो, पण लांब, शेवटच्या सुरूच्या झाडापाशी उभा राहिलो. पुढे जायचं तोंड नव्हतं. आभाळ भरत आलेलं. तिनं पतंग झोकला. फळी पाण्यावर चढली, जराशी डगमगली आणि चढलेलीच राहिली. ती उभी होती. गुडघे वाकवून, मागे रेलून, खाडीतली पोर सरळ समुद्राकडे निघाली होती. ती वाळूतली पोरं उठून उभी राहिली. यूसुफभाई पाण्यात कमरेपर्यंत शिरून काहीतरी ओरडत होते. मी एकटाच झाडाआड डोळे पुसत होतो, आणि आनंद झाला होता तरी मान काही वर होत नव्हती. हे सगळं तिला पहिल्याच रविवारी मिळायला हवं होतं.

परतल्यावर तिनं मला झाडाआडून शोधून काढलं. ओली, केस चिकटलेली. म्हणाली, “एवढ्या लांब का उभे होता? दिसलं तरी का?”

“दिसलं,” मी म्हणालो. “चुकलो मी, प्रणाली.”

“हो, चुकलात,” ती म्हणाली आणि फळी माझ्याकडे धरायला दिली.

तो काटा आता पुन्हा आमच्या घरी, न्हाणीघराबाहेर आहे. हा लेख लिहून झाल्यावर मी तिला वाचायला दिला, कारण तिला न विचारता तिच्याबद्दल काही करायची मला आता धास्ती वाटते. तिनं सगळा वाचला. मी विचारलं, “त्या दिवशीचा आकडा घालू का? नसेल चालणार तर राहू दे.”

“घाला की,” ती म्हणाली. “पण आधी तुमचा घाला.”

मी पंख्याकडे बघितलं. ती हसायला लागली आणि हात धरून मला न्हाणीघराबाहेर घेऊन गेली. चपला काढायला लावल्या. तिनं वाकून आकडा वाचला, मोठ्यानं, स्वयंपाकघरात सुलभाला ऐकू जाईल असा.

ब्याण्णव.